पंचनाम्यात नसलेला चहा

दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर पेपरात एक फोटो येतोच. पनीरचे ठोकळे किंवा खव्याची पोती ओळीनं मांडलेली, मागे मास्क लावून उभे असलेले चार-पाच अधिकारी आणि वर मथळा: भेसळखोरांना दणका. तो फोटो दिसला की मी पेपर पालथा घालते. नवऱ्याला आता सवय झाली आहे. तो काही न विचारता पेपर उचलतो आणि गॅलरीत जाऊन वाचतो.

गैरसमज नको. मी कायद्याच्या विरोधात नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. दुधात आयोडीनचे थेंब टाकून ते निळं पडलं तर त्यात पिठूळ पदार्थ मिसळला आहे, हे मी दरवर्षी सातवीच्या पोरांना करून दाखवते आणि पोरं दरवर्षी डोळे मोठे करून बघतात. माझी स्वतःची मुलगी दुधावर वाढली आहे. दुधात सोडा नि युरिया कालवणाऱ्याला तुरुंगात टाका, मी टाळ्या वाजवीन. पण नागपुरातल्या लग्नाच्या लॉनवर मी असं पनीर खाल्लं आहे, जे चावता चावता पंगत उठायची वेळ आली. त्या लॉनवर अन्न-औषध खात्याची जीप मी कधी पाहिली नाही. हातात ताट घेतलेले साहेब मात्र पाहिले आहेत. जीप आली ती माझ्या बाबांच्या गोठ्यावर, आणि त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. जावा असं मला वाटतही नाही.

माझं माहेर कुही तालुक्यात, धानाच्या पट्ट्यातल्या एका लहान गावात. आजोबांनी छप्पन साली नागपुरात येऊन दीक्षा घेतली, तेव्हापासून आम्ही बौद्ध. घराची चौकट निळी. दारात पाय ठेवायच्या आधीच येणाऱ्याला घर कुणाचं ते कळतं, आणि कळलं की बरेच जण दारातच थांबतात. पूर्वीसारखं कुणी तोंडावर काही बोलत नाही. काळ बदलला आहे ना! आता फक्त म्हणतात, "आत्ताच घेतली चाय, काकू, पोट भरलं." माझ्या लहानपणापासून आमच्या घरी येणाऱ्या किती माणसांचं पोट चहानं भरलेलं होतं, याचा मी हिशेब ठेवला असता तर वही पुरली नसती.

अशा घरातल्या माणसानं दुधाचा धंदा करायचं ठरवलं. सरकारी योजनेत बाबांना दोन संकरित गाई मिळाल्या. पांढऱ्याकाळ्या, थोराड, भरपूर दूध देणाऱ्या, पण पातळ दूध देणाऱ्या. दोनाच्या चार झाल्या. गावातल्या लोकांनी विचारलं, "तुह्या घरचं दूध घेईन कोण गा?" विचारण्यात वाईट हेतू नव्हता म्हणे, काळजी होती. बाबांनी मोटारसायकलीला दोन बाजूंना कॅन अडकवले आणि रोज सकाळी नागपुरातलं मनीषनगर गाठायला सुरुवात केली. मी तिथंच राहते. नवीन वस्ती, नवे फ्लॅट, कुणी यवतमाळचं, कुणी बालाघाटचं. तिथं दूधवाल्याला आडनाव नसतं. बाबा तिथं फक्त दूधवाले काका होते.

सहा-सात वर्षं त्यांनी तिथं दूध घातलं. उन्हाळ्यात, आमच्याकडच्या त्या उन्हाळ्यातही, त्यांचा खाडा नसे. दूधविक्रीच्या सरकारी नोंदणीचं प्रमाणपत्र मिळालं तेव्हा बाबांनी ते लॅमिनेट करून बैठकीत लावलं. माझ्या पदवीचा कागद त्याच्या शेजारी होता, पण थोडा खाली. मी त्यांना चिडवायचे, "बाबा, माह्यापेक्षा तुमच्या गाई जास्त शिकल्या काय?" ते म्हणायचे, "त्या रोज परीक्षा देतेत."

जीप आली त्या दिवशी मी तिथं नव्हते. घडलं ते मला आधी आईनं फोनवर सांगितलं, तेही आनंदानं. तो आनंद मला अजून ऐकू येतो.

डिसेंबरचा महिना होता, कडाक्याची थंडी. पहाटे धारा काढून झाल्या. जवळच्या गावातलं दूध बाबा देऊन आले आणि मनीषनगरचा दहा लिटरचा कॅन हौदाच्या पाण्यात ठेवून भाकर खायला बसले. निघायच्या वेळी बघतात तर चाक पंक्चर. गावातला दुरुस्तीवाला साडेआठशिवाय दुकान उघडत नाही. कॅन तसाच थंड पाण्यात उभा राहिला, दोन-अडीच तास. ज्यांच्या घरी गाय आहे त्यांना पुढचं सांगायला नको. गाईचं कच्चं दूध थंडीत न हलवता ठेवलं की त्यातला स्निग्धांश वर येतो. वर दाटसर पिवळं दूध, खाली पातळ.

नऊच्या सुमारास जीप थांबली. साहेब, त्यांचा मदतनीस, लिहिणारा कारकून आणि ड्रायव्हर. दुधाचा नमुना घ्यायचा आहे म्हणाले. बाबांनी प्रमाणपत्र दाखवलं, कॅन दाखवला. साहेबांनी आधी गोठा पाहिला, मग अंगणातल्या खुर्चीवर बसून हात चोळले. आईनं नेहमीप्रमाणे विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं, उत्तर ठरलेलं असतं हे तिला माहीत होतं.

"साहेब, चाय घेता?"

"घेऊ ना काकू. थंडी बघा किती आहे."

आईच्या आयुष्यात असे किती दिवस आले असतील? तिनं कपाटातला फुलांचा कपबशांचा संच काढला. मी पहिल्या पगारात घेऊन दिलेला तो संच पाहुण्यांसाठी जपून ठेवला होता आणि पाहुणे पोट भरून येत असल्यामुळे नव्यासारखाच राहिला होता. मग तिनं तेच केलं, जे तिच्या आईनं आणि सासूनं पाहुण्यासाठी केलं असतं. ओगराळं घेतलं, कॅनचं झाकण उघडलं आणि वरचं दूध काढलं. पाहुण्याला वरचं दूध, घरच्यांना खालचं, ही आमच्याकडची रीत. बाळंतिणीला आणि पाहुण्याला पातळ दूध देणारी बाई आळशी समजली जाते. पाण्याचा थेंब न घालता तिनं गंजभर, म्हणजे पातेलंभर, दुधाचा चहा केला. कारकून चहा पीत नव्हता, त्याला वेलची घालून पेलाभर गरम दूध दिलं. साहेबांनी चहा बशीत ओतून, फुंकर घालून प्यायला आणि कप परत पुढे केला. "आणखी आहे का काकू? असा चहा नागपुरात मिळत नाही." आईनं पुन्हा कॅनचं झाकण उघडलं. पुन्हा वरचं दूध.

चहा पिऊन झाल्यावर, तोंड पुसून, त्यांनी त्याच कॅनमधून नमुना घेतला. उरलेल्या दुधात मापटं दोनदा फिरवलं आणि चार बाटल्या भरल्या. दूध नासू नये म्हणून औषधाचे थेंब टाकले, लाखेची मोहोर लावली, दोरा गुंडाळला. कारकुनानं पंचनामा लिहिला, बाबांनी सही केली. सगळं कसं कायदेशीर.

"साहेबानं दोन डाव घेतली चाय," आई मला फोनवर सांगत होती. "बशीत ओतून. आपल्या घरी. कप धुवाले घेतले त सगळे रिकामे, तळाले थेंब नाही."

मी म्हटलं, "वा!" विज्ञानाची शिक्षिका मी, आणि मला फक्त वा सुचलं. वरचं दूध काढलं, खालचं मोजायला दिलं, हे माझ्या डोक्यात त्या वेळी शिरलंच नाही. मीही आनंदातच होते. आमच्या घरातले कप रिकामे झाले होते.

काही आठवड्यांनी अहवाल आला. दुधात स्निग्धांश कायद्याच्या रेषेपेक्षा कमी, म्हणून नमुना कमी दर्जाचा. पाणी नाही, साखर नाही, पीठ नाही, विषारी तर काहीच नाही. फक्त स्निग्धांश कमी. तो स्निग्धांश कुठं गेला हे पाहायचं असेल तर प्रयोगशाळेत बघून उपयोग नव्हता. तो साहेबांच्या पोटात होता.

मी अहवाल हातात घेतला, दोनदा वाचला, आणि मग ते फोनवरचं बोलणं एकदम आठवलं. मी त्याच रविवारी बसनं गावी गेले. बाबा गोठ्यात गाईंपुढे धानाची तनीस टाकत होते. मी तिथंच उभी राहून, आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, सगळं समजावून सांगू लागले. वर येणारा स्निग्धांश, ओगराळं, चहा. बाबांनी मला अर्ध्यात थांबवलं.

"मले शिकवतेस काय? तिनं झाकण उघडलं तवाच मले समजलं होतं."

"मंग थांबवलं काहून नाही तुमी?"

बाबा तनशीची पेंढी मोकळी करत राहिले. मग म्हणाले, "तुही माय त्या दिवशी कशी दिसत होती, तू पाह्यलं नाहीस. चाळीस वर्षात मी तिले तशी पाह्यली नाही. मी म्हणलं, थोडंसं कमी भरन, निभून जाईन. नाही निभलं. पण तिले सांगजो नको. तिच्या हातानं झालं असं तिले कळलं नाही पाह्यजे."

वरच्या प्रयोगशाळेकडे नमुना पुन्हा तपासायला पाठवता येतो, त्यासाठी मुदत असते. मी म्हटलं, अर्ज करू. बाबा म्हणाले, "तपासून काय होणार? बाटलीत तेच दूध आहे." तेही खरंच होतं. बाटलीतलं दूध खोटं बोलत नव्हतं. कॅनची गोष्ट सांगायची तर चहाची गोष्ट सांगावी लागणार होती, आणि ती सांगायला बाबांनी मनाई केली होती. मी चिडले. मी त्यांना म्हटलं की तुमच्या या चांगुलपणाचं लोणचं घाला. वडिलांशी मी असं आधी कधी बोलले नव्हते.

त्यानंतर ती बातमी आली. खात्यानं जिल्ह्यात केलेल्या कारवाईची यादी, गावासकट आणि आडनावासकट. अहवालात शब्द होते "कमी दर्जाचे". पेपरात शब्द होता "भेसळ". एवढ्याशा बदलाला कुणी नमुना घेऊन तपासत नाही, त्याला चार बाटल्या नि लाखेची मोहोर लागत नाही. आणि सहा-सात वर्षं फक्त काका असलेल्या माणसाला मनीषनगरात एका सकाळी आडनाव मिळालं.

पहिल्या आठवड्यात अर्धी घरं गेली. कुणी म्हणालं, पाकिटाचं सुरू केलं. कुणी म्हणालं, डॉक्टरांनी दूध बंद सांगितलं. आमच्याच बिल्डिंगमधल्या एक बाई, ज्यांच्या नातवाच्या बारशाला बाबांनी न सांगता दोन लिटर दूध जास्त आणून दिलं होतं, मला जिन्यात भेटल्या. ते माझे वडील आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाबांनीच सांगू दिलं नव्हतं. धंद्यात नातं नको, म्हणायचे. बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "वाचलं का? अहो, आडनावावरूनच कळलं असतं. अशा लोकांकडून आपण घ्यायलाच नको होतं. शुद्धतेचं त्यांना काय पडलंय!"

मी काय केलं? मी काहीच केलं नाही. माझ्या लग्नानंतरच्या आडनावावरून काही कळत नाही, म्हणून मी त्यांच्यासमोर उभी राहू शकले आणि मान हलवून वर निघून गेले. घरात येऊन मी भांडी घासायला घेतली. मोलकरणीनं आधीच घासलेली भांडी. त्या बाईंचा मला राग आहेच, पण माझा स्वतःवरचा राग त्याहून मोठा आहे.

त्याच रागानं मी ठरवलं की सुनावणीत मी बोलणार. बाबा काहीही म्हणोत.

सुनावणी सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयात होती. आईला आम्ही नेणार नव्हतो, तिनंच हट्ट धरला. तिनं नवं लुगडं नेसलं, केसांना तेल लावलं. बसमध्ये ती मला म्हणाली, "त्या साहेबानं आपल्या घरची चाय पेली हाय वं. तो ओळखन. दोन शबुद बरे बोलन आपल्यासाठी." मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाबा पुढच्या सीटवर होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

आमचा क्रमांक दुपारी आला. टेबलामागे सुनावणी घेणारे अधिकारी, बाजूला आमच्या गोठ्यावर आलेले साहेब. आईनं त्यांना पाहून हात जोडले आणि ओळखीचं हसली. ते फाइल चाळत होते.

"काही म्हणायचं आहे का?" बाबांना विचारलं.

"नाही साहेब. दूध माझंच होतं."

मी उभी राहिले. मी मुलगी आहे, विज्ञान शिकवते, असं सांगून सुरुवात केली आणि एका दमात सगळं बोलले. पंक्चर, हौदातला कॅन, थंडी, वर आलेलं दाट दूध, त्याचा चहा, दोनदा चहा, कारकुनाचं दूध, आणि मग उरलेल्यातून घेतलेला नमुना. म्हटलं, माझ्या वडिलांनी दुधातून काही काढलं नाही, तुमच्याच लोकांना पाजलं. आईकडे मी बघितलं नाही. पण माझ्या डाव्या हाताला ती बसली होती आणि तिचं लुगडं सळसळायचं थांबलं, एवढं मला कळलं.

सुनावणी घेणाऱ्यांनी पंचनामा उलटसुलट पाहिला. "यात तर चहाचा काहीच उल्लेख नाही." मग बाजूला वळून विचारलं, "तुम्ही तिथं चहा घेतला होता?"

साहेबांनी फाइल बंद केली. "नाही सर. ड्युटीवर मी कुठंच काही घेत नाही. आणि तिथं तर प्रश्नच नव्हता."

तिथं तर. हे दोन शब्द मी कितीदा उलटून पाहिले आहेत. नियम म्हणून तिथं प्रश्न नव्हता, की निळ्या चौकटीचं घर म्हणून? त्यांनी कोणत्या अर्थानं म्हटलं ते तेच जाणोत. नोकरी वाचवायला बोललेलं खोटं असेल, साधं, घाबरट. पण माणूस घाबरला की त्याच्या तोंडून जे आधी येतं, ते कुठून येतं?

आई उठली. तिला बोलायची सवय नाही, अशा ठिकाणी तर नाहीच. ती टेबलाशी गेली नाही, जागेवरूनच म्हणाली, "साहेब, बशीत ओतून पेली ना तुमी. दोन डाव. म्हणले, नागपुरात भेटत नाही अशी."

"बाई, मध्ये बोलू नका," टेबलामागून आवाज आला.

साहेबांनी आईकडे पाहिलं नाही. एकदाही पाहिलं नाही. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

दंड झाला. तो भरला. दुसऱ्या एका कागदावर बाबांनी सही केली, तीही अक्षर अक्षर जोडून, सावकाश, जशी त्यांनी प्रमाणपत्राच्या अर्जावर केली होती तशी.

परतताना बसमध्ये बाबा पुन्हा पुढच्या सीटवर बसले, आई माझ्या शेजारी. मग तिनं विचारलं, "वरचं काढलं म्हणून कमी भरलं का वं?"

मी खोटं बोलू शकले असते. त्या दिवशी त्या कार्यालयात खोटं बोलणं फार सोपं होतं हे मी नुकतंच पाहिलं होतं. पण मी म्हटलं, "हो."

"तुह्या बाबाले मालूम होतं?"

"हो."

तिनं बाबांच्या पाठीकडे पाहिलं. "पाह्य बरं," एवढंच म्हणाली. आणि मग थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "दुधाचं जाऊ दे. पण त्यानं नाही म्हणलं. पेऊन नाही म्हणलं." घरी पोचल्यावर तिनं फुलांच्या कपबशा जुन्या पेपरात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवल्या. "ने तुह्या घरी. इथं कामाच्या नाही." मी त्या नेल्या. अजून गुंडाळलेल्याच आहेत.

बाबांना मी विचारलं नाही की मी बोलले ते चूक झालं का. त्यांनीही मला काही म्हटलं नाही. त्यांना जे वाचवायचं होतं ते मी भर कार्यालयात टेबलावर ठेवलं आणि त्याच्या बदल्यात काहीच मिळवलं नाही. खरं सांगितल्याचं समाधान वगैरे मला नाही. मला फक्त राग आहे.

मनीषनगरचं दूध बंद झालं. दोन गाई विकल्या, दोन ठेवल्या. आता त्यांचं दूध कुहीच्या बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर जातं. दिवसभर लोक तिथं थांबतात, गरम गरम पितात, वा म्हणतात आणि बस पकडतात. चहात पडलं की दुधाला आडनाव राहत नाही.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा जीप आली. नाताळच्या सुटीत मी योगायोगानं घरीच होते. साहेब दुसरे होते, तरुण, हसरे, बोलायला मोकळे. बाबांनी कॅन पुढे केला. या साहेबांनी मात्र काम नीट केलं. दूध एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात, असं दोन-तीनदा ओतून चांगलं एकजीव करून घेतलं आणि मग बाटल्या भरल्या. मी दारात उभी राहून बघत होते. मनात म्हटलं, एवढंच करायचं होतं. चहाच्या आधी, एवढंच. काही महिन्यांनी त्या नमुन्याचा अहवाल आला, दूध नियमाप्रमाणे. ते कोणत्याही पेपरात छापून आलं नाही, हे सांगायला नकोच.

मोहोर लावून झाल्यावर साहेब हात चोळत खुर्चीवर बसले. "काकू, चहा नाही पाजणार का? थंडी बघा किती आहे."

तीच खुर्ची, तीच थंडी, तेच वाक्य. बाबा गोठ्याकडे जाता जाता थांबले.

आई आत गेली. गॅस पेटवल्याचा आवाज आला, गंज ठेवल्याचा आवाज आला. मग ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि कारकुनाच्या हातातल्या कागदाकडे बोट करून म्हणाली, "पाजते ना. आधी त्या कागदावर लिवा. या घरी चाय पेली म्हणून लिवा, अन् सही करा."

साहेब हसले. "काकू, पंचनाम्यात चहाचा रकाना नसतो."

"नसते?"

"नसतो ना."

आई हसली नाही. ती आत गेली आणि आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असा खटकन आवाज करून तिनं गॅस बंद केला.

"मंग आमच्या घरी चायबी नसते," आतूनच म्हणाली.

साहेब क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मी काही समजावून सांगितलं नाही. समजावणं हा माझा धंदा आहे, पण त्या दिवशी मी शाळेत नव्हते. ते उठले, पेटी उचलायला सांगितली, "येतो काकू," म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

जीप वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा आईनं पुन्हा गॅस लावला. तीन स्टीलच्या पेल्यांत चहा आणला, एक बाबांना, एक मला, एक स्वतःला. बाबांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "पातळ झाली वं आज."

"एकजीव आहे," आई म्हणाली. "घरच्यायले तशीच भेटन."